क्लाउड भाड्यानं घ्यायचा की ग्रिडवर काम टाकायचं? खर्चाचा हिशेब

महिन्याला तीन हजार रुपयांत क्लाउड सर्व्हर मिळतो, असं विक्रेता सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण महिनाअखेरीस बिल सहा हजारांचं येतं आणि तेही बरोबरच असतं. मधले तीन हजार कुठे गेले, हे आधी कळलं तर पुढचे निर्णय सोपे होतात. शिवाय ज्यांना मोठी आकडेमोड करायची आहे, त्या संशोधकांना आणि महाविद्यालयांना ग्रिड नावाचा आणखी एक रस्ता मोकळा आहे. त्याचा खर्च कित्येकदा फक्त विजेचा असतो, तरी त्याची चौकशी फारसं कुणी करत नाही.

आधी फरक समजून घेऊ. गावाकडे नांगरट दोन तऱ्हांनी होते. एक तर ताशी दरानं ट्रॅक्टर सांगायचा. नाहीतर इर्जिक घालायची. मग शेजारपाजारचे आपापली औतं घेऊन येतात, दिवसभर राबतात आणि यजमान त्यांना जेवू घालतो. क्लाउड म्हणजे भाड्याचा ट्रॅक्टर आणि ग्रिड म्हणजे इर्जिक. क्लाउडमध्ये सगळी यंत्रं एका कंपनीची असतात, कार्ड दिलं की पाच मिनिटांत मिळतात आणि मीटर लगेच सुरू होतो. ग्रिडमध्ये यंत्रं अनेक संस्थांची, अनेक मालकांची असतात. ती एका जाळ्यात बांधून एक मोठं काम तुकड्या-तुकड्यांनी वाटून दिलं जातं. तिथे पैसे सहसा मोजावे लागत नाहीत, पण सदस्यत्व, परवानगी आणि रांग असते.

वयानं ग्रिड थोरली. इयन फॉस्टर आणि कार्ल केसेलमन यांनी १९९८च्या सुमारास ही कल्पना पुस्तकरूपात मांडली, ती विजेच्या जाळ्यावरून. वीज कुठल्या केंद्रात तयार झाली हे आपण विचारत नाही, तशीच संगणनाची ताकदही मिळावी, असं त्यांचं म्हणणं होतं. विकत घेण्याजोगा क्लाउड ॲमेझॉननं २००६मध्ये आणला : मार्चमध्ये साठवण, ऑगस्टमध्ये ताशी दहा सेंटला सर्व्हर. कंपनीचं मुंबई केंद्र २०१६मध्ये सुरू झालं. मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं केंद्र त्याच्याही आधीचं, २०१५चं.

आता सहा हजारांचं बिल उलगडून पाहू. सांगलीतल्या एखाद्या छोट्या कार्यालयाला दोन व्हर्च्युअल प्रोसेसर आणि चार जीबी मेमरी असलेला लिनक्स सर्व्हर चोवीस तास हवा आहे, असं समजा. ॲमेझॉनच्या मुंबई केंद्राचे दर घेतले आणि डॉलर ९० रुपयांचा धरला. सर्व्हरचं भाडं तासाला सुमारे साडेचार सेंट, म्हणजे महिन्याचे ७३० तास धरून २,९४० रुपये. जाहिरातीत एवढंच दिसतं. त्या सर्व्हरला जोडलेल्या १०० जीबी डिस्कचे ८२० वेगळे. इंटरनेटवरच्या सार्वजनिक पत्त्यालाही फेब्रुवारी २०२४पासून तासाला अर्धा सेंट पडतो, त्याचे ३३०. सर्व्हरमधून महिन्याला २०० जीबी माहिती बाहेर गेली, तर पहिले १०० जीबी फुकट आणि उरलेल्या १००चे सुमारे ९८५. बेरीज झाली ५,०७५. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९१५. एकूण ५,९९० रुपये. वर्षाला जवळजवळ ७२ हजार.

हे आकडे धोपट मार्गाचे आहेत. विंडोज हवं असेल, डेटाबेस कंपनीनं सांभाळायचा असेल, बॅकअपच्या प्रती ठेवायच्या असतील, तर प्रत्येकाची ओळ बिलात वाढते. दर बदलतात, म्हणून घेण्याच्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावरच्या दरगणकात स्वतःचे आकडे घालून पाहा. विक्रेत्याकडून कोटेशन घेताना भाडं, डिस्क, बाहेर जाणारी माहिती, बॅकअप आणि कर अशा पाच रकमा वेगवेगळ्या लिहून मागा. एकच गोळा आकडा देणाऱ्याला पुन्हा विचारा.

खर्च कमी करायचा सगळ्यात साधा उपाय म्हणजे यंत्र बंद करणं. कार्यालय दिवसाला दहा तास, महिन्याला २६ दिवस चालत असेल, तर ७३०ऐवजी २६० तासांचंच भाडं पडतं आणि २,९४०चे सुमारे १,०५० होतात. वेळापत्रक लावलं की यंत्र आपोआप बंद-सुरू होतं. मात्र ‘थांबवलं’ म्हणजे ‘संपलं’ नव्हे. थांबवलेल्या सर्व्हरची डिस्क भाडं खातच राहते आणि राखून ठेवलेला पत्ताही. चाचणीसाठी घेतलेलं यंत्र काढून टाकलं, पण त्याच्या डिस्कच्या जुन्या प्रती तशाच राहिल्या, हे तर नेहमीचंच. महिन्यातून एकदा बिलाच्या ओळी वाचायला कुणाला तरी नेमा.

आत जाणाऱ्या माहितीला बहुतेक कंपन्या पैसे लावत नाहीत. बाहेर काढायला लावतात, आणि ग्राहकाला सर्वांत उशिरा कळणारा खर्च तोच. दोन टीबी माहिती साठवायला मुंबई केंद्रात महिन्याला करापूर्वी साधारण साडेचार हजार रुपये लागतात. तीच माहिती एकदाच पूर्ण बाहेर काढायची झाली, तर करासह सुमारे २२ हजार. २०२४मध्ये गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही सेवा कायमची सोडणाऱ्याला हे शुल्क माफ करायची तयारी दाखवली. पण माफी आपोआप मिळत नाही, आधी कळवावं लागतं आणि अटी पाळाव्या लागतात. म्हणून आत शिरण्यापूर्वीच बाहेर पडण्याचा खर्च काढून ठेवा.

पैसे भरण्याचेही काही बारकावे आहेत. दर डॉलरमध्ये ठरतात, त्यामुळे रुपया घसरला की काहीही जास्त न वापरता बिल वाढतं. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यवसायानं आपला क्रमांक खात्यात भरला, तर भरलेल्या कराचं क्रेडिट नियमांप्रमाणे घेता येतं; क्रमांक भरायचा राहिला तर ते हातचं जातं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप वळती होणारी रक्कम १५ हजारांच्या वर गेली, की साधारणपणे दर वेळी ओटीपी द्यावा लागतो. तो संदेश कुणी पाहिला नाही तर बिल थकतं आणि सेवा बंद पडू शकते. खर्चमर्यादेची सूचना पहिल्याच दिवशी लावा, पण ती सूचनाच आहे हे ध्यानात ठेवा. मर्यादा ओलांडल्यावर ईमेल येतो, मीटर थांबत नाही. खात्याच्या गुप्त किल्ल्या प्रोग्रामच्या फायलीत लिहून ती फाइल इंटरनेटवर टाकली, तर अनोळखी माणसं तुमच्या नावावर यंत्रं चालवतात. त्यातून येणारं बिल छोट्या संस्थेला बुडवण्याइतकं मोठं असू शकतं. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर आणखी एक गोष्ट : २०२२च्या सुधारित नियमांनुसार हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो. केंद्र निवडताना परदेशातलं स्वस्त केंद्र पाहून भुलू नका.

एक किंवा तीन वर्षांची हमी दिली तर भाड्यात ७२ टक्क्यांपर्यंत सूट मिळते, असं ॲमेझॉन सांगते. पहिले तीन महिने हमी देऊच नका. खरा वापर किती, हे त्या काळात कळतं.

आता ग्रिड. तिचे तीन प्रकार नीट वेगळे करावे लागतात, कारण खर्च आणि प्रवेश तिन्हींचा निराळा आहे.

पहिली वैज्ञानिक ग्रिड. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या महाकाय कणत्वरकातून येणाऱ्या माहितीचं विश्लेषण ४०हून अधिक देशांतली सुमारे १७० केंद्रं मिळून करतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांपैकी एक. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेनं संशोधन संस्थांना जोडणारी ‘गरुड’ ग्रिड उभारली होती. अशा ठिकाणी पैसे देऊन आत जाता येत नाही. प्रकल्प लागतो, संस्थेची ओळख लागते, डिजिटल प्रमाणपत्र लागतं.

दुसरी स्वयंसेवी ग्रिड. बर्कलीच्या सेटी ॲट होमनं १९९९पासून लाखो घरांतले रिकामे संगणक वापरून अवकाशातून आलेले रेडिओ संकेत तपासले आणि मार्च २०२०मध्ये नवं काम वाटणं थांबवलं. फोल्डिंग ॲट होम २०००पासून प्रथिनांच्या घड्यांवर काम करतं. इथे आपण ग्राहक नसतो, दाते असतो. ही मदत फुकटात होते असं मात्र समजू नका. संगणक पूर्ण ताकदीनं चोवीस तास चालवला आणि १०० वॉट जादा ओढले, तर महिन्याला ७२ युनिट होतात. युनिट दहा रुपयांचं धरलं तर ७२० रुपये, आणि घरगुती बिल वरच्या टप्प्यात सरकलं तर आणखी. रोज दोन-तीन तास देणंही पुरेसं चांगलं काम आहे.

तिसरी ग्रिड आपल्या आवारातली, आणि माझं सगळं म्हणणं तिच्यासाठी आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८पासून विकसित होत आलेली एचटीकॉन्डॉर ही प्रणाली मोफत मिळते. प्रयोगशाळेतले रिकामे संगणक हेरून ती त्यांच्यावर काम टाकते आणि कुणी येऊन कळफलकाला हात लावला की काम बाजूला काढते. ६० संगणकांची, प्रत्येकी चार कोअरची प्रयोगशाळा रात्रीचे दहा तास चालवली तर २,४०० कोअर-तास (एका कोअरचं तासाभराचं काम म्हणजे एक कोअर-तास) मिळतात. प्रत्येक संगणकाला १०० वॉट आणि युनिटला १२ रुपये धरले, तर एका रात्रीची वीज ७२० रुपयांची.

रसायनशास्त्राच्या एखाद्या संशोधकाला हजारो रेणू एकेक करून एका प्रथिनाशी जुळवून पाहायचे आहेत आणि त्यासाठी १० हजार कोअर-तास लागणार आहेत, असं धरू. ही प्रयोगशाळा ते काम पाच रात्रींत, ३,६०० रुपयांच्या विजेत उरकते. क्लाउडवर आकडेमोडीसाठी बनवलेलं दोन व्हर्च्युअल प्रोसेसरांचं यंत्र तासाला सुमारे साडेआठ सेंटला मिळतं. एका व्हर्च्युअल प्रोसेसरला एक कोअर मानलं, तरी करासह ४५ हजार रुपये होतात. खरं तर तो सहसा अर्ध्या कोअरएवढाच असतो. घाई असेल, तर कंपनीकडे पडून असलेली ‘स्पॉट’ यंत्रं ९० टक्क्यांपर्यंत सवलतीनं मिळू शकतात. ॲमेझॉन ती दोन मिनिटांच्या सूचनेवर परत घेते. तुकड्यांत होणाऱ्या कामाला ती चालतात.

ग्रिडचीही किंमत असते. प्रणाली बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस हवा. तारा, वातानुकूलन, रात्रीची सुरक्षा पाहावी लागते. एखादा संगणक मध्येच बंद पडणारच, म्हणून काम पुन्हा सुरू होईल असं लिहावं लागतं. ज्या कामाचे तुकडे एकमेकांशी सतत बोलतात, उदाहरणार्थ हवामानाचं प्रारूप, ते ग्रिडवर रखडतं. त्याला महासंगणकच हवा : पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म आहे, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी परम रुद्र बसवला आहे. बाहेरच्या संशोधकांनी अशा केंद्रांकडे अर्जाची चौकशी जरूर करावी. आणि संकेतस्थळ, बिलिंग, रुग्णांच्या नोंदी, म्हणजे ज्याला कधीही उत्तर द्यावं लागतं किंवा जे गुप्त राहायला हवं, त्यासाठी ग्रिडचा विचारही करू नये. तिथे क्लाउड किंवा स्वतःचा सर्व्हर.

स्वतःच्या सर्व्हरचं म्हणाल, तर भार वर्षभर सारखा असेल आणि सांभाळणारा माणूस हाताशी असेल, तर तो तीन वर्षांत क्लाउडपेक्षा स्वस्त पडू शकतो. भार कधी दहापट, कधी शून्य असेल तर क्लाउड घ्यावा. त्याचा खरा फायदा तिथेच आहे.

प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना एक विनंती. संशोधन निधीतून क्लाउडसाठी रक्कम राखण्यापूर्वी आपल्या प्रयोगशाळेचे संगणक संध्याकाळी सहानंतर काय करतात, ते बघा. दहा संगणकांवर एचटीकॉन्डॉर बसवून एक महिना चालवा, विजेची नोंद ठेवा, आणि मग कोटेशन मागवा.