पंगतीस बसण्यापूर्वी

गडचांदूर,
चैत्र वद्य पंचमी

चिरंजीव बाळ यास काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझी मावशी पुण्याहून परस्पर चंद्रपुरास महाकालीच्या यात्रेला आली, परतताना एक रात्र आमच्याकडे राहिली, आणि त्या रात्रीत तिने जे सांगितले त्याने माझी झोप उडाली आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर लिहून दिलेल्या गोळ्या तू दिवाळीपासून बंद केल्या आहेस, रक्ततपासणीची तारीख वरचेवर टाळतो आहेस, आणि कचेरीतून परतल्यावर तळपायांना मुंग्या येतात म्हणून पाय चोळीत बसतोस. मावशीस तिखटमीठ लावण्याची सवय आहे हे आपल्या घरात सर्वश्रुत आहे, आणि विषय सुनांचा किंवा दागिन्यांचा असता तर मी तिची साक्ष अर्धीच धरली असती. परंतु मुंग्यांची गोष्ट कोणी मनाने रचीत नाही.

वजन उतरले म्हणजे प्रकरण दफ्तरदाखल झाले, अशी तुझी समजूत झालेली दिसते. तुझ्या जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढला तेव्हा भूक चेतविणारे घ्रेलिन ज्या भागातून मुख्यत्वे स्रवते तोही गेला, म्हणून पहिले वर्षभर तुला जेवणाची आठवण करून द्यावी लागे. हे तुला सोयीचे वाटले. पण अन्नातील बी-१२ जीवनसत्त्व सुटे करणारे आम्ल आणि ते पुढे आतड्यात शोषले जाण्यास लागणारे एक प्रथिन, हीही त्याच जठराची देणगी होती, आणि तीही बरोबरच घटली. गोळ्या सोडल्या तरी महिनोन्‌महिने काही होत नाही, याचे कारण यकृतात या जीवनसत्त्वाचा जुना साठा वर्षानुवर्षे पुरतो. मागल्या शिलकीवर कारभार चालवून खजिना भरलेला आहे असे समजणाऱ्या संस्थानिकासारखी तुझी गत आहे. साठा सरला की प्रथम पायच बोलतात, आणि मज्जातंतूंची ती तक्रार फार काळ अनुत्तरित राहिली तर पुढे औषधानेही तिचे पुरते निवारण होत नाही. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचाही हाच प्रकार. ‘‘मला काही होत नाही’’ हे तू मावशीला दिलेले उत्तर मला म्हणूनच सर्वांत भयप्रद वाटले. मुंग्यांचे कारण बी-१२ आहे की थायमिन की आणखी काही, हे मी येथे आरामखुर्चीत बसून ठरवू शकत नाही, आणि तूही आपल्या अंदाजाने ठरवू नकोस. रक्त तपासल्यावाचून याची रुजुवात होत नसते.

शस्त्रक्रियेची वाच्यता करू नये, असे तू काकूला बजावले होतेस. त्याचा परिणाम असा की येथे बाजारात तुझ्याविषयी नाना तर्क चालले आहेत. कोणी क्षय म्हणतो, कोणी त्याहून वाईट काही म्हणतो, आणि खर्रा घोटीत बसलेल्या मंडळींस दुसरा उद्योग नसतो. लपविण्यासारखे यात काय आहे? आपल्या नागपूरच्या नितीन गडकरींवर २०११ साली मुंबईत हीच वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ते भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष होते, आणि वर्तमानपत्रांतून ती जगजाहीर झाली. पुढे २०२२ मध्ये उज्जैनच्या सभेत तेथील खासदारास वजन कमी कर, प्रत्येक किलोमागे मतदारसंघास हजार कोटींचा निधी देतो, असे आव्हान देताना आपले वजन पूर्वी १३५ किलो होते व आता ९३ आहे, हे त्यांनी स्वतःच सर्वांसमक्ष सांगितले. विनोद बाजूला ठेव. दहा वर्षांनंतरही त्या गृहस्थास आपला आकडा मुखोद्गत होता, तुला तुझा आज सांगता येईल काय? दुसऱ्या वर्षानंतर भूक परत येते, आणि संध्याकाळी चार दाणे फरसाण, रात्री दोन घास आइस्क्रीम अशा चिल्लर खाण्याला लहान जठरही अडवू शकत नाही. पण तो माझा आजचा विषय नव्हे. दोन किलो वाढले तर उतरतील. पायांचे मला सांग.

पायांविषयी मी इतका का आग्रही आहे, हे तुला कळावयास हवे, कारण तू त्या वेळी शाळेत होतास. दादाची साखर वाढली तेव्हा त्याचीही तक्रार तळपायांपासूनच सुरू झाली. रोग निराळा, कारण निराळे, पण शब्द तेच. वहिनी एरंडेल चोळीत, मी पेटीतून विड्या काढून त्याच्याजवळ गप्पा मारीत बसे, आणि थोरल्या भावास ‘चल, नागपुरास दाखवून येऊ’ असे म्हणण्याचे धैर्य माझ्या अंगी नव्हते. आपल्या घरात थोरल्यास सांगण्याची रीतच नव्हती. आमची तरुणाई निराळ्याच मर्दुमकीत गेली. मी आणि दादा पहाटे निघून पायी माणिकगड चढून येत असू, आणि त्याच बळावर लग्नांच्या पंगतींतून जिलब्यांच्या पैजा जिंकीत असू. पुढे मी सिमेंट कारखान्यात हजेरी लिहिण्याच्या खुर्चीवर बसलो, गड सुटला आणि पैजा मात्र सुटल्या नाहीत. निजामाच्या अमलात राजुऱ्याच्या तहसिलीत पेशकार असलेले आपले आजोबा भरल्या ताटाला घराण्याची अब्रू समजत, आणि तू सात वर्षांचा असताना तुझ्या ताटात तिसरी पुरणपोळी वाढून टाळ्या पिटणाऱ्यांत आम्ही सगळेच होतो. तुझ्या देहाचा जाबजबाब एकट्या तुझ्याकडून घेण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, याचा विचार मी या उकाड्याच्या रात्री अंगणात पडून करीत असतो.

येथील वर्तमान असे. ऊन आताच सोसवेनासे झाले आहे आणि वैशाख अद्याप पुढे आहे. अमलनाल्याचे पाणी खाली गेले, पण नळ एक दिवसाआड का होईना येतो. काकूने तुरीची डाळ भरडून ठेवली. माईच्या लग्नाचे मांडव, आचारी सर्व ठरले असून आचाऱ्यास मी निक्षून सांगितले आहे की तुझ्या पानाजवळ कोणी वाढपी आग्रहास उभा राहता कामा नये. तुझ्यासाठी घट्ट वरण, पाटवडी आणि दही निराळे काढून ठेवू. ज्यात प्रथिन आहे ते आधी खा, भाताला जागा उरली तर उरली. जेवताना पाणी पिऊ नकोस, अर्ध्या तासाने घे. परंतु येथल्या उन्हात दिवसभर घोट घोट पाणी पोटात जात राहिले पाहिजे, कारण तुला आता एका दमात तांब्या रिचविता येणार नाही. कोणी ‘सुकलास’ म्हटले तर उत्तर मी देईन, तू हसून पुढे जा.

रागाने लिहावयास बसलो होतो; वाचून पाहता पत्र दुसरेच झाले आहे. पुण्यास तू एकटा, स्वयंपाक एकट्याचा, आणि पानात वाढलेले अर्धे उरते तेव्हा समोर कोणी नसते, हे मावशीने जाता जाता सांगितले ते मी विसरलेलो नाही. तपासणीस एकट्याने जाणे जिवावर येत असेल तर एक ओळ पाठव, मी गाडीत बसतो. माझ्या गुडघ्यांची सबब तुला ऐकावी लागणार नाही. आणि रात्री अपरात्री फोन करण्यास संकोच करू नकोस, मला तशीही झोप कमीच.

आणखी एक. दादाचा बंद गळ्याचा काळा कोट काकूने पेटीतून काढून वाऱ्यावर टाकला आहे. मागे तो तुला खांद्यांत येत नव्हता, आता बहुधा सैल होईल. छाती, खांदे आणि बाही यांचे माप परतटपाली कळव. लग्नसराईत शिंपी हाती लागत नाही, आणि त्याने कोट घेण्यास फक्त अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत दिली आहे.

तुझा,
काका