धरणीच्या पोटात काय आहे?

माहुल गावात रात्रीचा वर्ग चालू होता. मी फळ्यावर पृथ्वीचे चित्र काढले. बाहेर पातळ कवच, आत जाड थर आणि मधोमध गाभा. मागे बसलेल्या एका मावशींनी विचारले, "मास्तर, तुम्ही म्हनता ते खरं असंल. पन खाली जाऊन बघून कोन आलाय?"

प्रश्न बिनतोड होता. खाली कोणी गेलेले नाही, जाताही येणार नाही. पृथ्वीचा मध्य आपल्या पायांखाली सुमारे ६३७१ किलोमीटर आहे. माणसाने पाडलेले सर्वांत खोल भोक रशियात कोला येथे आहे. ते १२ किलोमीटरच्या थोडे पुढे गेले. आपल्याकडे कोयनेजवळ गोठणे गावी शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडले. तेथे सुमारे सव्वा किलोमीटरवर आपला काळा दगड संपला आणि खाली निराळा, फार जुना खडक लागला. पण पृथ्वी नारळाएवढी धरली, तर ही भोके म्हणजे सालीवर सुईचे ओरखडे.

मग आतले कळते कसे? मी मावशींनाच उलट विचारले, "मडके घेताना काय करता?"

"वाजवून बघते."

"भेग डोळ्यांना दिसते का?"

"दिसत नाय. आवाज बद्द येतो."

तेच शास्त्रज्ञ करतात. फरक एवढाच, की पृथ्वीला ते वाजवीत नाहीत. तिला भूकंप वाजवतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसे दगावली. मुंबईतही लोक झोपेतून उठून घराबाहेर आले. अशा भूकंपाच्या लाटा जमिनीवरून तर पसरतातच, पण पृथ्वीच्या पोटातूनही जातात. पार पलीकडच्या टोकाला पोचायला त्यांना अवघी वीस मिनिटे लागतात. तेथल्या माणसाला काही कळत नाही. भूकंपमापक यंत्राला मात्र कळते.

पोटातून जाणाऱ्या लाटा दोन तऱ्हेच्या असतात. एक आगगाडीच्या डब्यांसारखी पुढच्याला ढकलत जाते. दुसरी हलवलेल्या दोरीसारखी आडवी हेलकावे खात जाते. ही दुसरी लाट पातळ पदार्थातून जात नाही. १८९७ साली आसामात भयंकर भूकंप झाला. आपल्या देशाच्या भूशास्त्र खात्यातील ओल्डहॅम साहेबांनी त्याच्या नोंदी तपासल्या आणि या दोन लाटा वेगळ्या ओळखल्या. पुढे १९०६ साली त्यांनीच दाखवून दिले, की पृथ्वीला निराळा गाभा आहे. त्या गाभ्याचा बाहेरचा भाग वितळलेल्या लोखंडाचा आहे, हे नंतर कळले.

गाभ्याच्या वर, कवचाच्या खाली, सुमारे २९०० किलोमीटर जाडीचा थर आहे. त्याला प्रावरण म्हणतात. प्रावरण म्हणजे पांघरूण. हा थर घट्ट खडकाचाच आहे. तरीही आतल्या उष्णतेने तो अगदी हळू सरकतो. आपली नखे वाढतात ना, साधारण त्या चालीने.

आता खाडीचा विचार करा. कोरड्या बांधावरून आपण झपझप चालतो. चिखलात पाय रुततो, वेळ लागतो. कोण किती वेळाने घरी पोचला, यावरून तो कोणत्या वाटेने आला ते ओळखता येते. लाटेचेही तसेच आहे. थंड खडकातून ती झपाट्याने जाते, तापलेल्या खडकात मंदावते. हजारो भूकंपांच्या लाटा कोठे किती वेळाने पोचल्या, याचा हिशेब मांडला, की पृथ्वीच्या पोटाचे चित्र उमटते. इस्पितळात शरीराचे चित्र घेतात ना, तसेच.

असे कान आपल्या शेजाऱ्यांनीही लावले आहेत बरे का! ट्रॉम्बेच्या अणुसंस्थेने १९६५ साली बंगळूरच्या उत्तरेस गौरीबिदनूर येथे वीस भूकंपमापके काटकोनात, दोन लांब रांगांत मांडली. परदेशातले अणुस्फोट ओळखावेत, हा मूळ हेतू. पण यंत्राला भूकंपही ऐकू येतो. लाट आधी कोणत्या यंत्राशी आली, मग कोणत्या, यावरून ती कोणत्या दिशेने आणि किती खोलून आली ते कळते. त्या नोंदी प्रावरणाच्या अभ्यासालाही उपयोगी पडल्या.

आपला काळा दगड कोठून आला, तेही यातून उलगडू लागले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे जमिनीला भेगा पडून तप्त रस वाहिला. त्या वेळी आपली भूमी फार दक्षिणेला होती. आज ती जागा हिंदी महासागरात, रियुनियन बेटापाशी आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. आपण उत्तरेला सरकत आलो. ती चूल तेथेच राहिली. त्या बेटावरचा ज्वालामुखी आजही उफाळतो. २०१२ व २०१३ साली फ्रेंच आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तेथे समुद्राच्या तळाशी पन्नासाहून अधिक यंत्रे ठेवली. २०२१ साली चित्र प्रसिद्ध झाले. गाभ्याच्या काठापासून तापलेला खडक वर येतो आणि झाडासारख्या फांद्या फुटतात, असे त्यात दिसले.

मावशींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "एवढं खोल दिसतं, तर धरणी कवा हालंल ते सांगा की."

ते अजून कोणालाच सांगता येत नाही. हालेल असा मुलूख कोणता, हे सांगता येते. तारीख सांगता येत नाही.

"मग घर नीट बांधायला पायजे," त्या म्हणाल्या, आणि पाटी पुसून पुढचा धडा लिहायला बसल्या.