नुसता गॅस बदलून भागत नाही

प्रश्न : माझ्या १९९३ च्या गाडीचा एसी थंड करत नाही. जुना आर-१२ गॅस मिळत नाही, म्हणून गॅरेजवाले सरळ आर-१३४ए भरू म्हणतात. चालेल का?

उत्तर : चालेल, पण किती दिवस? एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो गळतो. म्हणजे पहिलं काम गळती शोधण्याचं. ते टाळून भरलेला कोणताही गॅस जुन्याच वाटेने निघून जाईल. आणि खरी अडचण गॅसची नाहीच, तेलाची आहे. आर-१२ बरोबर कॉम्प्रेसरमध्ये खनिज तेल असतं आणि ते आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. मग तेल पाइपांत, कूलिंग कॉइलमध्ये अडकतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडत जातो. त्यामुळे जुनं तेल काढून एस्टर तेल घाला, ड्रायर व ओ-रिंग बदला, व्हॅक्यूम करून ओलावा काढा. नवा गॅस वजनावर, जुन्याच्या साधारण ८० ते ९० टक्केच भरावा.

‘आम्ही तसाच भरला, काही झालं नाही,’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं खोटं नसतं. कॉम्प्रेसरची झीज पहिल्या दिवशी दिसत नाही, एवढंच. शिवाय उन्हाळ्यात आर-१३४ए चा दाब जास्त चढतो. नागपूरच्या मे महिन्यात, सिग्नलला उभ्या गाडीत, जुना कंडेन्सर हमखास कमी पडतो; तिथे मोठा कंडेन्सर किंवा जादा पंखा लागेल. स्वस्त म्हणून कुणी एलपीजीच्या जातीचा गॅस सुचवला, तर मात्र साफ नकार द्या : तो ज्वलनशील असतो आणि कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत, तुमच्या गुडघ्यांपाशी असते.