भाजलेल्या रुग्णाला भेटायला जाण्यापूर्वी

गेल्या दिवाळीत आपल्या मंडळातील एका वहिनींचा चकल्या तळताना पदर पेटला. त्यांना भेटायला गेलो, तर नर्सने दारातच आमची फुले आणि डबा काढून घेतला व चौघांपैकी दोघांनाच आत सोडले. परतताना गाडीत कुरकुर झाली, "इथे माणुसकीच नाही" इथपर्यंत! मी तीस वर्षे इस्पितळाच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत, तेव्हा नर्सची बाजू मांडतो.

त्वचा ही शरीराची तटबंदी. खोल भाजले की तिच्या जागी मेलेल्या कातडीचा थर उरतो. त्यात रक्तपुरवठा नसल्याने पांढऱ्या पेशी व शिरेतून दिलेली औषधे तिथे नीट पोचत नाहीत; जंतूंना मात्र ओलावा आणि प्रथिने आयती मिळतात. पहिल्या एकदोन दिवसांत केसांच्या मुळांशी वाचलेले स्टॅफिलोकॉकस वर येतात. आठवडाभरात रुग्णाच्याच आतड्यातले किंवा इस्पितळातले स्युडोमोनससारखे जंतू हजर होतात. त्यांचा हिरवट पू आणि गोडसर वास एकदा अनुभवला की विसरत नाही. हे महाशय फुलदाणीच्या पाण्यात, सिंकमध्ये, कच्च्या भाजीवरही सुखाने राहतात. म्हणून फुले बंद! हात धुवायचे ते घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढून. आणि पलंगावर बसायचे नाही.

"मग पहिल्या दिवसापासून अँटिबायॉटिक का देत नाहीत?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. उगाच दिले तर साधे जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे माजतात. मागून कँडिडासारखी बुरशीही येते. बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी आग लागली, तेव्हा आपल्या न्यू जर्सीतल्या राहवे गावाहून मर्क कंपनीने भाजलेल्यांसाठी पेनिसिलिन पाठवले होते. आज बहुतेक स्टॅफिलोकॉकस त्या पेनिसिलिनला जुमानत नाहीत.

खरा फरक पडला तो शस्त्रक्रियेने. १९६८ मध्ये सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम आले, पण १९७० मध्ये युगोस्लाव्हियाच्या डॉ. झोरा यान्झेकोविच यांनी मेलेली कातडी पहिल्या काही दिवसांतच काढून त्यावर त्वचारोपण करण्याची पद्धत मांडली. जंतूंचे घरच मोडले! रुग्णाची स्वतःची त्वचा पुरली नाही तर त्वचापेढीतली तात्पुरती लावतात. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये अशी पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येते, हे तिकडच्या नातेवाईकांना जरूर सांगा.

जखमेखेरीज श्वासाची नळी, शिरेतली नळी, लघवीची नळी याही जंतूंच्या वाटाच. मोठ्या भाजण्यात शरीराचे तापमान एरवीही वाढलेले असते, त्यामुळे नुसत्या तापावरून संसर्ग ठरवत नाहीत. जखमेचा रंग काळपटला, नळीतून दिलेले अन्न पचेना, प्लेटलेट्स घसरल्या, रुग्ण असंबद्ध बोलू लागला, की डॉक्टर सावध होतात. यातली शेवटची गोष्ट घरच्यांनाच आधी कळते. "आज ही नेहमीसारखी बोलत नाही" एवढे नर्सला ताबडतोब सांगा. संकोच करू नका.

डब्याचे म्हणाल, तर अशा रुग्णाला प्रथिने भरपूर लागतात, पण आधी तिथल्या आहारतज्ज्ञांना विचारावे. आम्ही विचारले नव्हते. वहिनी पाच आठवड्यांनी घरी आल्या. डबा तेव्हा पोचवला, चकल्यांसकट.