केशराचें बीं कां मिळत नाहीं?

केशर आमच्या घरीं श्रीखंडांत असतें, शेतांत नसतें. त्यामुळें ‘केशराचें बीं’ म्हणून कोणी कांहीं विकावयास आणल्यास त्याची पारख कशी करावी, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. यासाठीं या वनस्पतीची थोडी माहिती येथें देत आहों.

ग्रीस देशांत अथेन्सभोंवतालच्या अटिका प्रांतांत व कांहीं बेटांवर शरद् ऋतूंत फुलणारी एक रानटी जात आहे. शास्त्रज्ञ तीस क्रोकस कार्टराइटियानस म्हणतात. तिचीं फुलें फिकट जांभळीं, कांहीं पांढरीं असतात. तिला बीं धरतें. केशराची मूळ जात हीच, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून दिसून आलें आहे.

या रानटी जातींत गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे १६ गुणसूत्रें असतात. केशरांत तीन संच, म्हणजे २४ असतात. बीं तयार होतांना संचांची सारखी वांटणी व्हावी लागते. तिनांची ती होत नाहीं. म्हणून केशर वांझ आहे. त्याची वाढ केवळ कंदांनीं होते, आणि तीही मनुष्याच्या हातून.

काश्मिरांत पांपूरच्या करेवा जमिनींत ऑक्टोबर-अखेर व नोव्हेंबरांत केशर फुलतें. जुना कंद दरसाल मरतो व त्याच्यावर नवे कंद धरतात. कंद जितका मोठा, तितकीं फुलें अधिक. अगदीं लहान कंदास फूल येत नाहीं. कुजका कंद मात्र लावूं नये. तो शेजारच्या कंदांस रोग देतो. प्रत्येक फुलांतील तीन तांबडे तंतु हातानें खुडावे लागतात, व किलोभर सुक्या केशरास सुमारें १,५०,००० फुलें लागतात.

कंदांत कळी उन्हाळ्याच्या उबेंत धरते. परंतु ती बाहेर पडण्यास सुमारें १७ अंश सेल्सिअस इतका गारवा लागतो. आमच्याकडे आश्विनांतलें ऊन तो देत नाहीं. बंद खोलींत गारवा राखून फुलें आणतां येतात. पण त्या खर्चाचा हिशेब आधीं मांडावा.

करडईचें बीं ‘अमेरिकन केशर’ या नांवानें विकलें जातें. करडई आपल्या ओळखीचें तेलबियांचें पीक आहे व तिच्या सुक्या पाकळ्या केशरांत मिसळल्या जातात. तिची योग्यता तेलासाठीं आहे. केशराच्या भावानें तिचें बीं घेणारा मात्र फसतो. केशराचें बीं नसतें, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, व शेजाऱ्यांसही सांगावें.