बिनतारी जाळ्यांतील खांदेपालट : नेटवर्क कोडिंग आणि करिअरची वाट

बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी या प्रश्नावरून घरोघरी जी घालमेल चालते, तिच्या मुळाशी बहुधा एकच समजूत असते : कॉम्प्युटर शाखा मिळाली तर भवितव्य सुरक्षित आणि बाकीच्या शाखा म्हणजे तडजोड. ही समजूत तपासून पाहण्यासाठी बिनतारी जाळ्यांचे क्षेत्र उपयोगी पडते, कारण तेथे शाखेच्या नावापेक्षा शाळेतले गणित किती पक्के झाले आहे याला अधिक मोल असते.

अकोल्यातील मोर्णा नदीकाठच्या जुन्या शहरासारख्या अरुंद गल्ल्यांच्या, जाड भिंतींच्या वस्तीत पाण्याची पातळी मोजणारे बॅटरीवरचे एखादे उपकरण बसवले, तर त्याचा क्षीण रेडिओ संदेश दूरच्या केंद्रापर्यंत थेट पोहोचणे कठीण असते. म्हणून तो शेजारच्या उपकरणाकडे, तेथून त्यापुढच्या उपकरणाकडे सोपवला जातो. या टप्प्याटप्प्याच्या वहनाला मल्टि-हॉप संचार म्हणतात. श्रावणातील अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णा नदीचे जल घेऊन राजराजेश्वर मंदिराकडे येणारी कावड जशी खांदे बदलत येते, तसाच हा प्रवास असतो. मात्र येथे प्रत्येक खांदेपालटात संदेश हरवू शकतो. प्रत्येक टप्प्यावर 100 पैकी 90 संदेश पार होतात असे धरले, तर पाच टप्प्यांनंतर सुमारे 59च शिल्लक राहतात. पोच मिळेपर्यंत तोच संदेश पुन्हा पाठवणे हा जुना उपाय आहे, परंतु त्यात बॅटरी आणि वेळ दोन्ही खर्ची पडतात.

या अडचणीवर वेगळी दिशा दाखवणारा सिद्धान्त रुडॉल्फ आल्सवेडे आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 2000 साली मांडला. मधल्या उपकरणाने संदेश नुसते पुढे ढकलण्याऐवजी ते एकमेकांत मिसळून पाठवावेत, हे नेटवर्क कोडिंगचे सार होय. समजा, एका टोकाचे उपकरण 1011 आणि दुसऱ्या टोकाचे 0110 हा संदेश मधल्या उपकरणामार्फत एकमेकांना पाठवत आहेत. अंक सारखे असतील तर 0 आणि वेगळे असतील तर 1, या नियमाने, ज्याला एक्सॉर म्हणतात, मधले उपकरण 1101 तयार करून एकदाच प्रसारित करते. दोन्ही टोके त्यात स्वतःचा संदेश त्याच नियमाने मिसळून समोरचा संदेश उलगडतात आणि चारऐवजी तीनच प्रसारणांत काम भागते. ही कल्पना प्रत्यक्ष बिनतारी जाळ्यात उतरवणारा 2006 मधील गाजलेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत ज्यांचे नाव पहिले आहे, ते सचिन कट्टी आयआयटी मुंबईचे पदवीधर आहेत.

याहून व्यापक पद्धतीत प्रत्येक पाकिटात, म्हणजे संदेशाच्या तुकड्यात, मूळ तुकड्यांचे यादृच्छिक गुणकांनी बनवलेले मिश्रण असते. तीन अज्ञात संख्या शोधण्यासाठी एकमेकांवर अवलंबून नसलेली कोणतीही तीन रेषीय समीकरणे पुरतात. त्याचप्रमाणे कोणते पाकीट हरवले याची चौकशी न करता पुरेशी मिश्रणे हाती आली की मूळ संदेश सोडवता येतो. दहावीच्या पुस्तकातील दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि बारावीतील सारणी (मॅट्रिक्स) यांचेच हे पुढचे रूप आहे.

महाराष्ट्रात दूरच्या वस्तीपर्यंत बिनतारी दुवे नेण्याचे लक्षणीय काम आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली झाले. त्यांच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातील गावांना दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींमधून इंटरनेट पोहोचवले. नेटवर्क कोडिंगपेक्षा त्याचे तंत्र वेगळे असले, तरी बिनतारी संचाराचा अभियंता कोणासाठी राबतो हे त्यातून कळते.

या क्षेत्राची वाट अकोल्यातूनही निघते. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो, किंवा बारावीनंतर एमएचटी-सीईटीमार्फत बाभूळगाव, शेगाव किंवा बडनेरा येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांचा अथवा अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विचार करता येतो. इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार आणि कॉम्प्युटर या दोन्ही शाखांतून येथे पोहोचता येते. मात्र रेषीय बीजगणित, संभाव्यता, सी भाषा आणि मायक्रोकंट्रोलरवरील प्रत्यक्ष काम यांना पर्याय नाही.

पालकांनी एक गोष्ट स्पष्टपणे जाणून घ्यावी : ‘नेटवर्क कोडिंग अभियंता’ या नावाची नोकरी सहसा जाहिरातीत आढळत नाही. पदवीनंतर एम्बेडेड प्रणाली (उपकरणातच बसवलेली छोटी संगणकप्रणाली) किंवा बिनतारी प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांनी परस्परांशी बोलण्याचे नियम, लिहिण्याचे काम मिळते, तर नेटवर्क कोडिंगचा सखोल अभ्यास बहुधा एम.टेक. किंवा पीएच.डी.च्या पातळीवर होतो. गेट परीक्षेतून एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यास दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळू शकते, त्यामुळे पुढचे शिक्षण परवडणार नाही असे आधीच ठरवून टाकू नये. काही आठवड्यांत हमखास नोकरीचे आश्वासन देणाऱ्या महागड्या प्रमाणपत्रांपेक्षा तो पैसा दोन-तीन साधी रेडिओ मॉड्यूल घेण्यात अधिक सार्थकी लागतो.

कल ओळखण्यासाठी मुलापुढे किंवा मुलीपुढे वरील 1011 आणि 1101 या ओळी ठेवाव्यात आणि समोरचा संदेश शोधायला सांगावा. ज्याला उत्तर काढून थांबता येत नाही, तिसरे प्रसारणच हरवले तर काय होईल असे जो आपणहून विचारतो, त्याला या वाटेने निर्धास्तपणे जाऊ द्यावे.