‘सिद्धार्थ’ हे नाव छापण्यापूर्वी

आज्ञावली एकटी कधीच चालत नाही. तिला इतरांनी लिहिलेले घटक, फॉन्ट व विशिष्ट आवृत्त्या लागतात. त्या संगणकावर आहेत की नाहीत, हे काम सुरू होण्यापूर्वी तपासणे म्हणजे पूर्वतपासणी. विद्यार्थी हा भाग सहसा गाळतात. गुणपत्रके वा प्रमाणपत्रे छापताना मात्र त्याची किंमत कळते.

मराठीपुरता हा प्रश्न जुनाच आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली. या संस्थेने प्रसारित केलेले जिस्ट कार्ड संगणकात प्रत्यक्ष बसवावे लागे. म्हणजे आवश्यक घटक डोळ्यांनी दिसे. पुढे युनिकोड आले आणि घटक अदृश्य झाला. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ‘मंगल’ फॉन्ट असला, तरी अक्षरे जुळवणारी व्यवस्था अनेकदा सेटिंगमधून वेगळी बसवावी लागे, आणि त्यासाठी मूळ सीडी मागितली जाई.

ती नसेल तर काय होते? ‘सिद्धार्थ’ हेच नाव पाहा. युनिकोडमध्ये ‘स’ आधी व ऱ्हस्व वेलांटी नंतर साठवली जाते. ती अक्षराच्या डावीकडे नेण्याचे काम जुळणी-व्यवस्थेचे असते. ती नसता वेलांटी उजवीकडेच राहते, ‘द’चा पाय मोडून ‘ध’ सुटा पडतो आणि रफार ‘थ’वर चढत नाही. आज्ञावली मात्र कोणतीही तक्रार न करता शेवटपर्यंत चालते. मुलाचे नाव मोडलेले प्रमाणपत्र घरी जाते. माझ्या मते थांबणाऱ्या आज्ञावलीपेक्षा ही अधिक घातक.

पायथनमध्ये घटक सापडला नाही, तर निदान चूक दाखवली जाते. पण ज्या ओळीत तो मागितला आहे, तेथे पोहोचल्यावरच. ती ओळ मध्यावर असेल, तर निम्मी नोंद झालेली, निम्मी राहिलेली. म्हणून ‘फाइंड स्पेक’ या सोयीने सर्व घटक आरंभीच शोधावेत, आणि जे नाहीत त्यांची पूर्ण यादी एकदमच दाखवावी. एक बसवला की दुसरा मागायचा, हा छळ इंटरनेट नसलेल्या संगणक कक्षात असह्य होतो. सूचना मराठीत असावी: काय नाही, कोणती आवृत्ती हवी, ती कोठे ठेवली आहे.

अक्षरजुळणीची तपासणी मात्र केवळ यंत्रावर सोपवू नये. ‘सिद्धार्थ’, ‘प्रज्ञा’, ‘कीर्ती’ अशी नावे असलेले एक पान आधी छापावे व मराठी वाचणाऱ्या व्यक्तीने ते पाहावे. मगच उरलेला गठ्ठा छपाईस लावावा.